झडतीत राहिलेली खोली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका सालात तर विहिरीतून चार प्रेतं काढली. त्यातलं बरंच आता विसरलो. पण ज्या प्रकरणात ना खून झाला, ना अटक झाली, ना कोर्टात एक कागद गेला, तेच प्रकरण डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बहुतेक माणसं आज हयात नाहीत, आणि जी असतील त्यांना माझी आठवण काढून आनंद होईल असं मला वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. उस्मानाबाद जिल्ह्यात तुळजापूरच्या वाटेवरच्या एका मोठ्या गावात मी फौजदार म्हणून रुजू झालो. गावातले म्हातारे अजून निजामाच्या काळातच होते. मला ते ‘अमीनसाहेब’ म्हणत. ठाण्याच्या कपाटात निम्मी दप्तरं उर्दूत. ती वाचता येणारे एकच, आमचे जमादार. निजामाची नोकरी करून इकडे वर्ग झालेले, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि ते मला सलाम ठोकायचे. दोघांनाही त्यात थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

आमचं ठाणं पंचांगावर चालतं, असं जमादार म्हणत. पौर्णिमेला देवीच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरू पायी, बैलगाडीनं आमच्या गावात येत आणि एक मुक्काम करून पुढं जात. आदल्या दिवशी बंदोबस्त, पौर्णिमेला बंदोबस्त, दुसऱ्या दिवशी हरवलेली पोरं आणि चोरलेल्या चपला. मग सत्तावीस दिवस शांतता. त्या शांततेची मला भीती वाटायची. आदल्या वर्षी माझी बायको बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. पोलीस लायनीतल्या दोन खोल्यांत मी एकटा. खानावळीतून डबा यायचा, तो मी ठाण्यातच खायचो, म्हणजे जेवताना निदान पहाऱ्यावरच्या शिपायाचं तोंड दिसायचं.

मार्गशीर्षात एका सकाळी गावातला एक कारकून खबर घेऊन आला. चांगल्या घरचा, शिकलेला माणूस. बोलताना टोपी हातात फिरवत होता. त्याची चुलती, तिला सारा गाव माई म्हणे, दोन-तीन महिन्यांत तीनदा मरता मरता वाचली होती. ओकाऱ्या, घामानं अंग भिजणं, तोंडाला लाळ, हात लटलट कापायचे, आणि या खेपेला तर दातखीळ बसली. दवाखान्यात नेलं की चार-सहा दिवसांत बरी व्हायची, घरी आली की पुन्हा काही दिवसांनी तेच.

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “साहेब, माईला कुणीतरी विष घालतंय. आन् घालणारी घरातच ऱ्हाती.”

ती म्हणजे गावच्या शाळेतल्या बाई. माईंच्या घराला कडेची एक सुटी खोली होती, तिचं दार वेगळं. त्यात त्या वर्षभरापासून राहत होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, सोलापूरकडच्या, नवऱ्यानं टाकलेल्या आणि माईंच्या जातीच्या नव्हेत. एवढ्या चार गोष्टी एका बाईच्या नावापुढे लागल्या की गावाला पाचवी लागत नाही. कारकुनाचं म्हणणं असं की माई तिला फार जवळ करतात, उद्या घरही तिच्या नावावर करतील. माई सोवळ्यातल्या. दुसऱ्याच्या हातचं अन्न तर सोडाच, पाणीही घेत नसत. पण दूध घेत, दुधाला विटाळ नसतो. आणि रोज संध्याकाळी दूध आणून द्यायच्या त्या बाई.

आता बघा, एका माणसाच्या पोटात बाहेरचा एकच पदार्थ जातो, आणि तो देणारी एकच बाई आहे. नव्या फौजदाराला यापेक्षा सोपं गणित काय हवं? मी खबर नोंदवून घेतली आणि जमादारांना घेऊन निघालो.

माई साठीच्या पुढच्या असतील. नवरा निजामाच्या कचेरीत होता, तो जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर म्हणजे पुढं ओसरी, मग एक खोली, आणि आत देवाची आणि स्वयंपाकाची मिळून एक खोली. यात्रेकरूंना त्या ओसरी आणि पुढची खोली उतरायला द्यायच्या. बदल्यात काही घेत नसत. देवीच्या वाटेवरचं घर म्हणून तो त्यांचा नेम होता. मला वाटतं, महिन्यातनं एकदा घरात माणसांचा आवाज होतो हेही त्यांना हवं असावं.

त्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात मांडीवर ठेवले होते तरी बोटं थरथरत होती. मी तब्येतीची सगळी विचारपूस केली, कधी दुखायला लागलं, काय खाल्लं, काय प्यायलं, ते लिहून घेतलं. पुतण्या शेजारी उभा होता, निम्मी उत्तरं तोच देत होता.

मग झडती. ओसरी पाहिली, पुढची खोली पाहिली, बाईंच्या खोलीची कुलूप काढून झडती घेतली. बाई शाळेत होत्या. त्यांची एक ट्रंक, त्यात चार लुगडी आणि डांबरगोळ्यांची पुडी. एक स्टो, पुस्तकं. दुधाचं भांडं जप्त केलं, आदल्या संध्याकाळच्या उरलेल्या दुधाचा नमुना बाटलीत भरून लाखेनं सील केला, पंचांच्या सह्या घेतल्या.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी मात्र माईंनी हात वर केला. “साहेब, हिथपर्यंत या. पुढं माझं सोवळं हाय.”

मी जमादारांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या साहेब. त्यांचा भाचा-पुतण्याबी आत जात न्हाय. त्या बाईचा तर पायबी लागलेला न्हाय. तिथं कोण काय ठेवणार?”

बोलणं बरोबर वाटलं. जिथं कुणी जाऊच शकत नाही तिथं कुणी विष कसं ठेवणार? उंबऱ्यातून वाकून पाहिलं. आत अंधार, खिडकी बंद, समईचा उजेड. पंचनाम्यात लिहिलं, ‘देवघर बाहेरून पाहिले, संशयास्पद काही आढळले नाही.’ ते वाक्य माझ्या हातचं आहे आणि ते धडधडीत चुकीचं आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी. बाईमाणसाचा जबाब घ्यायचा तर तिच्या राहत्या जागी जाऊन घ्यायचा, हा कायदा. तो मला पाठ होता. तरी मी शिपाई पाठवून बाईंना ठाण्यात बोलावलं. का, ते विचाराल तर खरं उत्तर असं की मला घाई झाली होती. ठाण्यात बसवलं की माणूस लवकर बोलतो, असं मी ऐकलं होतं. शाळा सुटायच्या वेळी शिपाई शाळेच्या दारात गेला. पोरं, मास्तर, बाजारातले लोक, सगळ्यांच्या देखत त्या पोलिसामागून चालत आल्या आणि ठाण्याच्या पायऱ्या चढल्या. बाहेरच्या बाकावर मी त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. तेही मुद्दामच.

जबाबात मी आडवे-उभे प्रश्न विचारले. त्या शांतपणे उत्तरं देत राहिल्या. दूध कुठून आणता? गवळ्याकडून. त्यात काय घालता? काही नाही. माईंच्या भांड्यात कसं ओतता? वरून धार धरते, भांड्याला भांडं लागू देत नाही, लागलं तर त्यांना पुन्हा अंघोळ करावी लागते. रोज संध्याकाळी तिथं किती वेळ असता? तासभर. एवढा वेळ काय करता? त्या उंबऱ्याच्या आत बसतात, मी बाहेर बसते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. कधी काहीच बोलत नाही, नुसत्या बसतो.

डांबरगोळ्या कशाला, असं विचारलं. लुगड्यांना कसर लागू नये म्हणून, आणि थोड्या माईंनाही दिल्यात, असं त्या आपणहून म्हणाल्या. मला वाटलं, आली जाळ्यात. मी ते वाक्य लिहून त्याखाली रेघ मारली.

शेवटी मी आवाज चढवला. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलल्या. “साहेब, या गावात मला नावानं हाक मारणारं एकच माणूस आहे. बाकीच्यांना मी शाळेतली बाई, नाहीतर टाकलेली बाई. त्या एका माणसाला मी कशाला मारीन?”

तो प्रश्न मी जबाबात घेतला नाही.

पुरावा काहीच नव्हता. जबाबावर सही घेऊन मी त्यांना जाऊ दिलं. पण गावानं आपला निकाल लावून टाकला होता. तिसऱ्या दिवशी शाळेतून त्यांना सांगण्यात आलं की चौकशी होईपर्यंत येऊ नका. पंधरा दिवसांत ढोकीच्या बाजूच्या एका खेड्यात बदली झाली. त्या गेल्या त्या सकाळी मी बाजारपेठेत होतो. ट्रंक बैलगाडीत ठेवून त्या पुढं बसल्या होत्या. मला पाहिलं आणि पदर सावरून दुसरीकडे पाहू लागल्या. मीही सावकाराच्या दुकानावरच्या पाटीकडे बघत उभा राहिलो.

मला वाटलं, झालं ते झालं, निदान म्हातारी वाचली.

पौष पौर्णिमेचा बंदोबस्त उरकून दोन दिवस झाले होते. तोच कारकून पुन्हा ठाण्यात आला. या वेळी टोपी हातात फिरवत नव्हता, टोपीच नव्हती. माई पुन्हा पडल्या होत्या. या खेपेला सगळ्यात जोरात. दवाखान्यात पोचवून तो थेट इकडे आला होता, पण काय सांगायला आलो ते त्याला सांगता येईना. मी विचारलं, आता दूध कोण देतं?

तो म्हणाला, “आमच्या घरातली.”

दोन शब्दांत सगळं उलटं झालं होतं. महिन्यापूर्वी ज्या न्यायानं त्यानं शाळेतल्या बाईला माझ्यापुढं उभं केलं, त्या न्यायानं आता मी त्याच्या बायकोला बोलवायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी तर चोर आहे की नाही हेही पाहिलं नव्हतं. त्याला मी पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

मग जे पहिल्या दिवशी करायचं होतं ते केलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांकडून माईंच्या नोंदी मागवल्या आणि जमादारांना म्हटलं, आपली डायरी काढा. आश्विनात दुखणं, पौर्णिमेच्या तिसऱ्या दिवशी. कार्तिकात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. मार्गशीर्षात, तिसऱ्या. पौषात, पुन्हा तिसऱ्या. कार्तिकातल्या नोंदीवर जमादारांनी बोट ठेवलं. त्या वेळी शाळेला दिवाळीची सुटी होती आणि बाई सोलापूरला होत्या. मोटारीच्या तळावर ड्यूटीला असलेल्या शिपायानं त्यांना गाडीत चढताना आणि तीन आठवड्यांनी उतरताना पाहिलं होतं. हे मी आधी विचारलं असतं तर त्यानं आधीच सांगितलं असतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्याच डायरीत पौर्णिमा होत्या.

यात्रेकरू गेल्यावर माई काय करतात? जमादार म्हणाले, “घर धुत्यात साहेब. ढेकूण होत्यात न्हवं, यात्रेच्या वळकट्यांतनं. दार लावून घेत्यात आन् दोन दिस आत काय काय टाकत बसत्यात.”

माई दवाखान्यातून घरी आल्या त्याच दिवशी मी डॉक्टरांना घेऊन गेलो आणि हात जोडून म्हणालो की मला आतली खोली पाहायची आहे. मला वाटलं नकार येणार. जबरदस्तीनं झडती घ्यायचा अधिकार मला होता, पण पुन्हा अधिकार दाखवायची माझी हिंमत नव्हती.

“ओलेत्यानं या,” त्या म्हणाल्या. “आडावर अंघोळ करा, तसंच निथळत या. अंगाला कोरडं काही नको. पुढचं मी देवीशी बोलीन.”

पौषातली थंडी. फौजदार मागच्या आडावर पंचा नेसून घागरी डोक्यावर ओततोय, दोन पंच दात काढतायत, आणि जमादार माझा युनिफॉर्म हातावर घेऊन गंभीर चेहऱ्यानं उभे. एरवी मीही हसलो असतो. उंबऱ्यापर्यंत माझ्या पावलांचे ओले ठसे उमटले. मी आत गेलो, पंच आणि डॉक्टर बाहेर, जमादार लिहायला बसले.

पहिल्यांदा वास आला. रॉकेल, फिनेल आणि आणखी कसला तरी गोडसर, घशात अडकणारा. डोळे चुरचुरले. खिडकी बंद होती आणि तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. भिंतीच्या कडेनं पांढऱ्या पुडीची जाड रेघ, चुलीच्या मागंही, देवाच्या चौरंगाखालीही. वर आढ्याला टांगलेल्या वळणीवर माईंचं सोवळ्याचं लुगडं वाळत होतं. ती वळणीही पांढरी. मी काठीनं लुगडं हलवलं तशी पूड खाली आली आणि माझ्या ओल्या खांद्यांवर, छातीवर बसली. झटकली तर निघेना. ओल्या अंगाला ती चिकटली, पाण्यात कालवल्यासारखी पसरली.

त्या क्षणी मला कळलं. माई रोज पहाटे ओल्या अंगावर तेच लुगडं नेसत होत्या. त्याच खोलीत चूल पेटवत होत्या, आणि पौर्णिमेनंतर पुढच्या खोलीत औषधाचा वास सहन होत नाही म्हणून दोन-तीन रात्री याच आतल्या खोलीत, खिडकी बंद करून झोपत होत्या.

कोनाड्यात सगळं ओळीनं मांडलेलं होतं. मी एकेक वस्तू उचलून दाखवायची, माईंनी उंबऱ्यापलीकडून सांगायचं, जमादारांनी लिहायचं.

पांढरी पूड डीडीटीची. मलेरियाची फवारणी करायला आलेल्या माणसाला त्यांनी आत येऊ दिलं नव्हतं. तो भला माणूस. आत येत नाही तर निदान हे घ्या, तुम्हीच लावा, म्हणून पुडी देऊन गेला होता. पाण्यात कालवून लावायची असते ते त्यानं सांगितलं होतं, पण कोरडी टाकली की जास्त दिवस टिकते, असं माईंचं मत. करड्या रंगाची पूड वाण्यानं दिलेली, ज्वारीला कीड लागू नये म्हणून. ज्वारीला चालते तर ढेकणांना का नाही, म्हणून ती अंथरुणाखाली. ब्लीचिंग पावडर आडात टाकायला आलेली, उरलेली. फिनेल पुतण्यानं आणून दिलेलं. डांबरगोळ्या बाईंच्या.

शेवटी एक तपकिरी बाटली उरली. बूच काढल्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं, ही कुणी दिली?

माई म्हणाल्या, “ती तुमच्या ठाण्यातली की.”

जमादारांची लेखणी थांबली. मला आठवलं. नवरात्रात बाहेरून बंदोबस्ताला आलेले शिपाई माईंच्या ओसरीवर उतरले होते. जाताना त्यांनी ढेकणांची तक्रार केली. मी खुर्चीत बसल्या बसल्या जमादारांना म्हटलं होतं, आपल्या खाटांसाठी आलेल्या औषधातली एक बाटली त्या म्हातारीला देऊन टाका, बिचारी एकटी आहे. पहिलं दुखणं त्यानंतरच्या पौर्णिमेचं.

“साहेब, हे लिहू?” जमादारांनी विचारलं.

लिहा म्हणालो. लिहिलं.

दुपारपर्यंत माझं अंग खाजायला लागलं, डोकं गरगरलं, आणि मी लायनीत जाऊन ओकलो. मी जेमतेम अर्धा तास तिथं होतो. डॉक्टर मला पाहायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, यातलं विष नेमकं कोणतं? ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, पक्कं सांगता येत नाही. बाटलीतलं औषध यात सगळ्यात वाईट, पण एकट्या बाटलीनं हे असं झालं असतं की नाही, सांगता येत नाही. प्रत्येक डब्यावर त्या डब्याचं लिहिलेलं असतं, एवढं वापरा, एवढ्यानं काही होत नाही. पण असे पाच-सहा डबे एका बंद खोलीत, एकाच्या श्वासात, एकाच्या कातडीतून रोज थोडे थोडे गेले की काय होतं, ते कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. “थेंबे थेंबे तळं साचतं, फौजदारसाहेब. तळ्यात बुडालेल्याला कुठल्या थेंबानं बुडवलं ते कसं सांगू?”

खोली धुतली. भिंती सारवल्या. खिडकी उघडायला माई तयार होईनात, कावळा-चिमणी सोवळ्यावर बसते म्हणून. शेवटी लोहारानं बारीक जाळी बसवून दिली. लुगडी उकळून उन्हात वाळवली. माघ पौर्णिमा आली आणि गेली. माई धडधाकट.

त्या पौर्णिमेच्या चौथ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. मी सांगितलं की दुधाचा अहवाल आला आहे, दुधात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, “म्हंजी तिनं न्हवतंच.”

“नाही माई.”

“मला ठावं होतं.”

मी जरा चिडूनच म्हणालो, मग तेव्हाच का नाही बोललात?

त्या म्हणाल्या, “मला कुणी इचारलं?”

मी ठाण्यात येऊन कागद काढले. पुतण्याचा जबाब, गवळ्याचा, डॉक्टरांचा, बाईंचा. माईंचा जबाबही होता, दीड पान. कुठं दुखतं, कधी दुखतं, काय खाल्लं. तुमचा कुणावर संशय आहे का, हा साधा प्रश्न, जो शेळी हरवली तरी आम्ही विचारतो, तो मी त्यांना विचारला नव्हता. त्यांच्या वतीनं पुतण्या बोलत होता, ते मला पुरलं होतं. घरातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. त्याच्याविषयी दुसऱ्यांना विचारतात.

शिक्षण खात्याला मी पत्र लिहिलं की बाईंवर कसलाही ठपका नाही. पण कागदावर भागणार नव्हतं. एका रविवारी मोटारीनं येडशीपर्यंत आणि तिथून पुढं ढोकीच्या बाजूला त्या खेड्यात गेलो. साध्या कपड्यांत. शाळेला जोडून एक खोली होती. बाई दारात ज्वारी निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पौर्णिमा, पूड, बाटली, ती बाटली आमची होती हेही. जबाबाला ठाण्यात बोलावलं ते बेकायदा होतं, तुम्ही माझी तक्रार करू शकता, असंही म्हणालो. परत येणार असाल तर मी खात्याशी बोलतो, असंही.

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “साहेब, मी तिथं आले तर लोक म्हणतील, सुटून आली. निर्दोष होती असं कुणी म्हणणार नाही.”

हे खरं होतं. जायला वळलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “आता दूध कोण देतं त्यांना?”

पुतण्याच्या बायकोनं त्या भानगडीनंतर धास्ती घेऊन दूध देणं बंद केलं होतं. माई कोरा चहा पीत होत्या. हे मला ठाऊक होतं, आणि ते तिथं सांगायची मला लाज वाटली. “मी बघतो,” एवढं म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून, बदली होईपर्यंत, जमेल त्या संध्याकाळी दूध मीच नेऊन दिलं. वरून धार धरायची, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. पहिले चार दिवस सांडलं. मग हात बसला. दूध दिलं की त्या उंबऱ्याच्या आत बसायच्या, मी बाहेर. कधी वर्तमानपत्र वाचायचो, बहुतेक वेळा नुसतेच बसायचो. माझ्या बायकोविषयी मी कुणाशी बोललो नव्हतो, ते तिथं पहिल्यांदा बोललो. पहिल्याच संध्याकाळी, मी शाळेतल्या बाईंना भेटून आलोय हे कळल्यावर, त्यांनी विचारलं होतं की तिनं काही निरोप दिलाय का. मी म्हणालो, तब्येत जपा म्हणाल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून दिलेली खोटी साक्ष ती एकच.

आज मीही एकटाच राहतो. पुढं दुसरं लग्न झालं, तीही आता नाही, मुलगा पुण्याला. सून येते तेव्हा कपाटात नव्या बाटल्या ठेवून जाते, डासांची, झुरळांची, फरशीची, संडासाची, वासाची. प्रत्येक बाटली मायेनं आणलेली असते. मी त्यातली एका वेळी एकच वापरतो आणि खिडक्या सताड उघड्या ठेवतो. शेजाऱ्यांना वाटतं म्हाताऱ्याला उकडतं.

पण त्या प्रकरणानं मला जे शिकवलं ते बाटल्यांपुरतं नाही. त्या गावात बाईंविषयी एकानंही मोठं खोटं सांगितलं नव्हतं. कुणी म्हणालं परकी, कुणी म्हणालं टाकलेली, वाणी म्हणाला फार बोलत नाही, पुतण्या म्हणाला दूध तीच देते. मी तिला ठाण्यापर्यंत चालवलं आणि डांबरगोळ्यांखाली एक रेघ मारली. प्रत्येकानं एकेक चिमूट टाकली. एवढ्यानं काय होतं, असं प्रत्येकाला वाटलं, आणि एका बाईचं गावातलं जिणं संपलं. माईंच्या खोलीची झडती घेऊन भिंती सारवता आल्या. हे सारवता आलं नाही.

आणि आता या वयात एकच गोष्ट राहून राहून आठवते. मी, पुतण्या, शाळा, सगळा गाव, आम्ही महिनाभर एकच प्रश्न विचारत होतो, की माईंना विष कोण देतंय. दूध कोण देतंय हे मीही विचारलं, पण संशयानं. मायेनं विचारणारी ती एकटीच होती, आणि तिलाच मी ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावल्या.